पद्मिनीची उंची आणि पाट्यांची कमान

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने '११००' या मालिकेतील छोट्या मोटारी तयार होत असत. त्यांपैकी १९६४ ची 'डिलाइट' पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' या नावाने विकली गेली, तरी घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत सर्वांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती कायमची निवृत्त झाली. आता उरलेल्या पद्मिनी बहुतांशी हौसेने जपलेल्या खासगी गाड्या आहेत आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास असते : गाडी मागून बसली आहे. ती पुन्हा उचलण्याचे मार्ग अनेक आहेत. परंतु त्यांतील बहुतेक मार्ग गाडीचे मूळ गुण घालवून तिला केवळ उंची देतात, म्हणून या विषयाचा मुळापासून विचार होणे अगत्याचे आहे.

मोटारीची उंची म्हणजे ती रिकामी आणि स्थिर उभी असताना तिचा सांगाडा चाकांच्या तुलनेत किती वर राहतो ते अंतर होय. पद्मिनीत पुढचे प्रत्येक चाक एकावर एक बसवलेल्या दोन त्रिकोणी भुजांना जोडलेले असून त्याचा भार गुंडाळीच्या स्प्रिंगवर येतो, तर मागची दोन्ही चाके एका अखंड ॲक्सलवर असून तो ॲक्सल दोन बाजूंच्या पाट्यांवर तोललेला असतो. पाटा म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत. तिच्यातील सर्वांत लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना 'डोळे' असतात. पुढचा डोळा बोल्टने थेट बॉडीला जखडलेला असतो आणि मागचा 'शॅकल' नावाच्या झुलत्या दुव्यातून अडकवलेला असतो, कारण भाराखाली कमान सपाट होताना तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला जागा लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉक ॲब्झॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप, गाडीचे वजन पेलत नाही. तो केवळ स्प्रिंगची हेलकावणी शमवतो, आणि म्हणूनच बसलेल्या गाडीला नवे शॉकअप बसवून ती वर येत नाही.

याच काळातील ॲम्बॅसडरच्या पुढच्या चाकांना गुंडाळीऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारा लांब पोलादी दांडा असतो, आणि त्याच्या टोकाची बसण्याची जागा सरकवून उंची कमी-जास्त करता येते. पद्मिनीत अशी सोय नाही. तिची उंची स्प्रिंगच्या मूळ आकारातच ठरलेली असल्यामुळे ती बदलायची तर स्प्रिंगलाच हात घालावा लागतो.

उपनगरांतील गाड्या बसण्याची कारणे पोलादाच्या थकव्यापुरती मर्यादित नाहीत. पावसाळ्याचे चार महिने पट्ट्यांच्या फटींत पाणी आणि चिखल शिरतो, गंज धरतो, पट्ट्या एकमेकींवर सहज घसरेनाशा होतात आणि खड्ड्याचा हादरा चळतीत नीट न विभागता एखाद्याच पट्टीवर येतो. त्यात सी.एन.जी.ची भर पडली. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली आणि नव्या शतकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी मोठ्या संख्येने या इंधनावर आल्या. पोलादी टाकीचे वजन तिच्या दर लिटर क्षमतेमागे साधारण एक किलो भरते. म्हणजे ६० लिटरची टाकी डिकीत बसवल्यावर सुमारे ६० किलोंचा भार मागच्या पाट्यांवर अहोरात्र राहतो, आणि ज्या गाडीचे स्वतःचेच वजन ९०० किलोंच्या आसपास आहे तिच्या दृष्टीने हा भार क्षुल्लक नाही.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे पाट्यात जादा पट्टी टाकणे. पाच सारख्या जाडीच्या पट्ट्यांत सहावी घातली, तर चळतीचा कडकपणा ढोबळमानाने २० टक्क्यांनी वाढतो. आणि तीच पट्टी १० टक्के जाड घेतली, तर कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने त्या एका पट्टीपुरता तो ३३ टक्क्यांनी वाढतो. गाडी वर येते खरी, पण प्रवाशाच्या अंगाला त्याची किंमत मोजावी लागते. वजनाखाली स्प्रिंग जितकी दबते तितकी गाडीची हेलकावणी संथ होते : २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एकदा झुलते, तर अवघी ६ सेंटिमीटर दबणारी दोनदा. माणसाच्या शरीराला चालण्याच्या लयीजवळची संथ झुलण सुसह्य वाटते, लय वाढत गेली की ती हादरे म्हणून जाणवू लागते. शिवाय कडक पाट्यांवरची रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर मागून उड्या मारते आणि त्या क्षणी चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. जिथे टाकी अजून डिकीत आहे तिथे एखादी पातळ पट्टी वाढवणे समर्थनीय आहे. टाकी काढून टाकलेल्या गाडीत मात्र ती तशीच ठेवण्याला काहीच आधार नाही.

लांब शॅकल लावणे हा दुसरा सोपा मार्ग. त्यात शॅकल जितका वाढवावा त्याच्या सुमारे निम्मी उंची ॲक्सलपाशी मिळते. पण ॲक्सल किंचित फिरतो, प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो आणि पुढे कंप सुरू होतो.

योग्य मार्ग अधिक कष्टाचा आहे. गाडी सपाट जागी उभी करून, टायरांत ठरलेली हवा भरून, डिकी रिकामी करून, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि हवेतील फरक हिशेबात शिरतो. त्यानंतर पाटे उतरवून पाटेवाल्याकडे द्यावेत. कसबी पाटेवाला प्रत्येक पट्टी सुटी करतो, तडा गेलेली बाजूला काढतो आणि उरलेल्यांना थंड अवस्थेतच ठोकून मूळ कमान आणतो. पट्टी भट्टीत लाल करून वाकवणे सोपे असले, तरी त्यानंतर शास्त्रोक्त पद्धतीने पाणी दिले नाही तर पोलादाचा चिवटपणा जातो आणि काही महिन्यांत गाडी पुन्हा बसते. काम नेहमी दोन्ही बाजूंचे एकत्र करावे. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि रबरी बुश नवे घ्यावेत. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळू नयेत. ती स्वतःच्या चाकांवर उतरल्यावरच ते शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते आणि मोजलेली उंचीही खोटी ठरते.

पुढच्या बाजूस अधिक सावधगिरी हवी. स्प्रिंग चाकापासून आत, भुजेवर बसलेली असते. ती भुजेच्या बरोबर मध्यावर असेल, तर तिच्याखाली घातलेले १० मिलिमीटरचे पॅकिंग चाकापाशी सुमारे २० मिलिमीटरचा फरक करते. गाडी खाली आणण्यासाठी गुंडाळीचा वेढा कापण्याची प्रथा तर सर्वस्वी त्याज्य आहे, कारण वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि तिचे कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. दाबलेल्या गुंडाळीत साठलेली ताकद हाड मोडण्याइतकी असते, म्हणून ती योग्य कंप्रेसरशिवाय उघडू नये. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे व्हील अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. हेडलाइटची दिशाही तपासावी, कारण मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तिच्यासाठी खाली वळवलेले दिवे गाडी उचलल्यावर रस्त्याच्या फार जवळ पडतात.

स्पीडब्रेकरवर चेंबर (इंजिनखालचे तेलपात्र) किंवा सायलेन्सर घासतो, या कारणासाठी मूळ उंचीपेक्षाही वर जाण्याचा मोह अनेकांना होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा. सोसायट्यांच्या फाटकांपाशी आणि गल्ल्यांत आढळणारे अरुंद, टोकदार उंचवटे या मानकात बसत नाहीत. रस्त्याचा दोष गाडीच्या अंगावर दुरुस्त करणे अन्यायाचे आहे. उंच गाडी वळणावर अधिक कलते आणि पद्मिनीच्या चारही चाकांना असलेल्या ड्रम ब्रेकवर विसंबून चालवताना हे विसरता कामा नये.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी वाहनांना 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र विंटेज नोंदणी देऊ केली, मात्र चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा अशी अट घातली. फियाट ११०० ला स्वतंत्र चासी नाही, बॉडीच सांगाड्याचे काम करते. त्यामुळे उंचीसाठी तिच्यावर वेल्डिंगने जोडलेला प्रत्येक ब्रॅकेट या अटीच्या आड येऊ शकतो, तर कमान दिलेला मूळ पाटा कधीच येत नाही. मुलुंड असो वा अंधेरी, ज्यांच्या घरी पद्मिनी उभी आहे त्यांनी चारही चाकांवरची मापे आजच घेऊन गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावीत आणि जुने पाटे भंगारात घालण्यापूर्वी ते एकदा जाणत्या पाटेवाल्याला दाखवावेत.