गृहसुरक्षा यंत्रणा व गृहस्वयंचालन

घराच्या रक्षणासाठी पूर्वी बसविलेली विद्युत् यंत्रणा (दारे-खिडक्यांवरील स्विच, हालचाल ओळखणारी साधने, भोंगा, कॅमेरे इ.) मोडीत न काढता ती दिवे, कुलुपे व पंखे यांचे नियंत्रण करणाऱ्या आधुनिक संगणकीय व्यवस्थेशी जोडण्याच्या तंत्रास जुन्या व नव्या यंत्रणांचे संयोजन म्हणता येईल. अशा संयोजनामुळे खर्च वाचतो व भिंतीतील तारा उकराव्या लागत नाहीत. मात्र जुन्या यंत्रणेची विश्वसनीयता त्यात गमावली जाणार नाही, ही मुख्य अट असते.

इतिहास : मराठवाड्यातील गढ्या व वाडे यांचे रक्षण जाड भिंती, देवडी, दिंडी दरवाजा, अडसर आणि कडीकोयंडा यांवर अवलंबून असे. यांत्रिक कुलपांच्या भारतीय उत्पादनात आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कारखान्याचे स्थान महत्त्वाचे आहे. विद्युत् चुंबकावर चालणाऱ्या चोरसूचक घंटेचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत ऑगस्टस पोप यांना १८५३ मध्ये मिळाले. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन व त्यांचे पती यांना दारावरील कॅमेरा व घरातील दूरचित्रवाणी पडदा यांच्या योजनेचे एकस्व १९६९ मध्ये मिळाले. घरातील वीजतारांवरूनच आज्ञासंकेत पाठविणारी एक्स-१० ही पद्धत स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९७५ मध्ये विकसित केली व गृहस्वयंचालनास चालना मिळाली.

जुन्या यंत्रणेचे कार्य : पोप यांच्या योजनेत दार उघडल्यावर विद्युत् मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. तिच्यात तार तुटली, तर घंटा मुकी होई व ते कोणास कळतही नसे. म्हणून पुढे बंद मंडलाची पद्धत रूढ झाली. तिच्यात सूक्ष्म प्रवाह सतत वाहत असतो. दार उघडल्याने किंवा तार कापल्याने तो खंडित होताच अभिचालित्र (रिले) सुटते व भोंगा वाजतो. चोराने दोन तारा एकमेकींस जोडल्या, तरी ते उमगावे म्हणून मंडलाच्या दूरच्या टोकाशी ठराविक मूल्याचा रोध बसवितात. हा रोध नियंत्रण पेटीतच बसविला असल्यास त्याचा हेतूच विफल होतो. म्हणून संयोजनापूर्वी त्याची जागा तपासणे अगत्याचे असते. पेटीत सामान्यतः १२ व्होल्टची विद्युत् घटमाला असल्याने पुरवठा बंद पडला, तरी काही तास रक्षण चालू राहते.

रेल्वेतील उदाहरण : बिघाड झाल्यास यंत्रणेने सुरक्षित बाजूकडे झुकावे, हे तत्त्व रेल्वेत फार पूर्वीपासून आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये एकस्व घेतलेल्या रूळमंडलात गाडी आली, रूळ तुटला वा घटमाला संपली, तरी संकेत धोकाच दर्शवितो. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड या प्रस्थानकात आदिलाबादकडील फाटा मनमाड–सिकंदराबाद मार्गास मिळतो. दक्षिण मध्य रेल्वेच्या मनमाड–मुदखेड–ढोण–गुंतकल या मार्गावर बसविलेली ‘कवच’ ही स्वयंचलित संरक्षण यंत्रणा स्थानकांवरील संकेत व अंतर्बंधन व्यवस्था हटवीत नाही. तिच्याकडून माहिती घेऊन ती रेडिओद्वारे एंजिनास पुरविते आणि चालकाकडून चूक झाल्यास गतिरोधक लावते. जुन्याचा अधिकार कायम ठेवून त्यावर नवा थर चढविण्याचे हे तत्त्व घरासही लागू पडते.

संयोजनाच्या पद्धती : (१) जुनी पेटी तशीच ठेवून तिच्या अभिचालित्राचे मोकळे संपर्क नव्या नियंत्रकास जोडतात. भोंगा वाजताच अंगणातले दिवे लागतात व दूरध्वनीवर संदेश जातो. ही सर्वांत सुरक्षित पद्धत होय. मात्र कोणते दार उघडले, ते तिच्यात कळत नाही. (२) पेटी काढून प्रत्येक मंडल नव्या नियंत्रकास जोडतात. १२ व्होल्टचा दाब ३·३ व्होल्टवर चालणाऱ्या सूक्ष्मनियंत्रकास थेट दिल्यास तो जळतो. म्हणून मध्ये प्रकाशीय युग्मक घालतात. (३) पेटीला संदेशवहनाचे द्वार असल्यास त्यातून सर्व माहिती घेता येते. एकाच मंडलास पेटी व नवा नियंत्रक समांतर जोडणे मात्र टाळावे. त्यामुळे एकूण रोध बदलून खोटी सूचना मिळते किंवा खरी दडपली जाते.

जुन्या कॅमेऱ्यांच्या समाक्ष तारा अंकीय मुद्रण यंत्रात आणून ते यंत्र घरातील जालास जोडता येते. बिनतारी साधनांसाठी झिगबी, झेड-वेव्ह व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले मॅटर हे संकेत प्रचलित आहेत. अमेरिकेसाठी बनविलेली सु. ९०८ मेगॅहर्ट्‌झची साधने भारतात विनापरवाना वापरता येत नाहीत. येथे त्यासाठी ८६५–८६८ मेगॅहर्ट्‌झ हा पट्टा मोकळा आहे.

दक्षता : आंतरजाल बंद असतानाही भोंगा, कुलूप व दिवे यांचे कार्य घरातल्या घरात चालले पाहिजे. वीज वारंवार जाणाऱ्या गावी नियंत्रक व जालमार्गक यांनाही घटमालेचा आधार द्यावा लागतो. जुन्या पेट्या तारेच्या दूरध्वनीवरून सूचना देत. ती जोडणी परत केल्यावर पेटीवरचा दिवा जळत राहतो, परंतु सूचना कोठेच पोहोचत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्यक्ष दार उघडून चाचणी घ्यावी. विद्युत् कुलूप आतून हाताने उघडता आले पाहिजे. अन्यथा आगीच्या वेळी तेच प्राणघातक ठरते. कारखान्यात दिलेला परवलीचा शब्द न बदलल्यामुळे २०१६ मध्ये ‘मिराई’ या उपद्रवी कार्यक्रमाने जगभरातील असंख्य कॅमेरे व जालमार्गक कह्यात घेतले होते.

मुले पुण्यास वा हैदराबादेस आणि वृद्ध आईवडील गावी, अशा कुटुंबांत या संयोजनाचा मोठा आधार वाटतो. तथापि सूचना केवळ दूरच्या मुलास मिळून भागत नाही. हाकेच्या अंतरावरील शेजाऱ्यासही ती त्याच क्षणी मिळावी लागते. तसेच घरातील कॅमेरे आईवडिलांच्या संमतीनेच बसवावेत व ते शेजाऱ्याच्या अंगणाकडे रोखलेले नसावेत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आहे.