हिशेब मागणे हा द्रोह नव्हे!

अग्रलेख नेहमीच्या जागेवरून उचलून पहिल्या पानावर आणावयाचा, तर त्याला तसेच सबळ कारण असावे लागते. आजच्या विषयाला ते आहे. स्वतंत्र भारताचा सर्वांत मोठा लष्करी पराभव १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयाच्या अंगणात झाला. तो का झाला, याची चौकशी झाली. तिचा अहवाल १९६३ साली तयार झाला. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटली. किती पंतप्रधान आले आणि गेले, सत्तेवरचे पक्ष बदलले, त्या युद्धात लढलेली पिढी बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेली. परंतु तो अहवाल सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही! ज्या आईने मुलगा दिला तिला तो का गेला हे कळले नाही. आणि ते विचारावयाला आता ती माउलीही उरलेली नाही.

हा प्रश्न केवळ इतिहाससंशोधकांचा असता तर आम्ही तो त्यांच्यावरच सोपविला असता. पण सैनिकाच्या हाती कोणते शस्त्र दिले, अंगावर कोणते वस्त्र दिले आणि त्याच्या नावावर खर्ची पडलेला पैसा कोठे गेला, याचा जाब राज्यकर्त्यांनी द्यावा की नाही, हा प्रश्न जुना नाही. तो आजचा आहे.

१९६२ च्या त्या शरद ऋतूत नामका चू नदीच्या काठी आमची सातवी ब्रिगेड उभी करण्यात आली. सैनिकांच्या अंगावर सुती गणवेश होते, पुष्कळांच्या पायांत साधे कापडी बूट होते आणि प्रत्येकापाशी जेमतेम पन्नास काडतुसे होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे चिन्यांनी हल्ला चढविला. दोन दिवसांनी ब्रिगेडियर जॉन दळवी शत्रूचे कैदी झाले. या दैन्याचे वर्णन त्यांनीच पुढे १९६९ साली आपल्या पुस्तकात केले आहे. लडाखात १८ नोव्हेंबर रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे शंभरांहून अधिक जवान जागच्या जागी लढत पडले. काही महिन्यांनी बर्फ उकरले तेव्हा कित्येकांच्या हातांत अद्याप हत्यारे होती. सरकारी आकड्यांप्रमाणे या युद्धात १,३८३ सैनिक मृत्युमुखी पडले, १,६९६ बेपत्ता झाले आणि जवळजवळ चार हजार शत्रूच्या हाती लागले. शौर्यात उणे काही नव्हते. उणे होते ते शौर्याच्या पाठीशी उभे राहावयाचे ते सर्व.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण महाराष्ट्रीय आजही अभिमानाने सांगतो. यशवंतराव चव्हाणांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणखात्याची सूत्रे हाती घेतली. पुढे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे चौकशी सोपविली. शिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची व्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत, एवढेच विषय त्यांना नेमून दिले होते. दिल्लीच्या मंत्रिगृहात काय शिजले याची विचारणा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणजे चौकशीच्या जन्मापासूनच तिचा एक डोळा बांधलेला होता!

२ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत निवेदन केले. सामग्रीचा एकंदर तुटवडा होता, जी होती ती पुढच्या उंच ठाण्यांवर वेळेत पोचविणे बिकट होते, कनिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा वरिष्ठांच्या पातळीवर उणिवा अधिक उघड झाल्या, हे त्यांनी मान्य केले. त्या काळच्या मानाने हा प्रांजळपणा लहान नव्हता. परंतु मूळ अहवाल मात्र सुरक्षेच्या कारणास्तव प्रसिद्ध करता येत नाही, असेही त्यांनी सांगितले. युद्ध थांबून वर्षही झालेले नव्हते. त्या क्षणी ते कारण समजण्यासारखे होते.

पण त्या क्षणाला काही शेवट आहे की नाही? माहितीच्या अधिकाराखाली केलेली मागणी फेटाळली गेली. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेत सांगितले की, अहवालातील मजकूर अत्यंत नाजूक आहे, इतकेच नव्हे तर लष्करी कारवाईच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे. २०१४ च्या प्रारंभी नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी लेखकाने अहवालाचा बराचसा भाग जगापुढे उघड केला. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटली यांनी अशी कागदपत्रे अनंत काळ दडवून ठेवणे योग्य नव्हे, असे लिहिले. काही महिन्यांतच ते स्वतः संरक्षणमंत्री झाले आणि जुलैमध्ये त्यांनीच राज्यसभेत सांगितले की, अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही! खुर्ची बदलली आणि तिच्याबरोबर राष्ट्रहिताची व्याख्याही बदलली. या बाबतीत काँग्रेस काय आणि भारतीय जनता पक्ष काय, दोघांचे एकमत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच ते एकमत.

आमच्यावर परकीयांचे राज्य होते त्या काळची एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, फौज धाडली. तिच्यात सहावी पुणे डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. पुरेशा नौका नाहीत, औषधे नाहीत, जखमींना न्यावयास वाहने नाहीत, अशा स्थितीत ती फौज बगदादच्या दिशेने पुढे ढकलण्यात आली. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोनच्या लढाईनंतर जखमी सैनिक बोटींच्या उघड्या फळ्यांवर, घाणीत आणि रक्तात, दिवसचे दिवस बसऱ्याकडे वाहून नेले गेले. २९ एप्रिल १९१६ रोजी कूट येथे उपासमारीने टेकीस आलेल्या सुमारे तेरा हजारांच्या सैन्याने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली.

मग ब्रिटिश पार्लमेंटने काय केले? त्याच वर्षी खास कायदा करून चौकशी आयोग नेमला. आयोगाने व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्यापासून सरसेनापतींपर्यंत एकालाही सोडले नाही. १९१७ च्या जूनमध्ये अहवाल छापून लोकांच्या हाती आला आणि जुलैत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या वेळी युद्ध संपलेले नव्हते. ते आणखी वर्षाहून अधिक काळ चालावयाचे होते! ते साम्राज्य आमच्यावर अन्याय करणारे होते, याविषयी दुमत नाही. पण कूटच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या मराठा शिपायाच्या हालांचा जाब वर्षभरात छापला जातो आणि नामका चूच्या काठी थंडीने काकडलेल्या स्वतंत्र भारताच्या सैनिकाचा जाब साठ वर्षांत छापला जात नाही, ही तुलना मान खाली घालावयास लावणारी आहे.

आपल्याला हे जमतच नाही, असेही नाही. १९९९ च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल, काही नाजूक भाग गाळून, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला व प्रसिद्धही झाला. त्यामुळे आकाश कोसळले काय? उलट संरक्षणव्यवस्थेच्या पुनर्रचनेची जी चर्चा त्यानंतर सुरू झाली, तिच्यातूनच लष्करी गुप्तवार्तेची नवी यंत्रणा उभी राहिली आणि १ जानेवारी २०२० रोजी तिन्ही दलांना एक प्रमुख मिळाला. जखम उघडी केली म्हणून ती धुता आली.

पण मूळ रोग बरा झाला काय? २०१७ च्या जुलैमध्ये महालेखापरीक्षकांचा दारूगोळ्याविषयीचा अहवाल संसदेत आला. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता, असे त्यात नमूद होते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी आणखी एक अहवाल आला. सियाचीन, लडाख यांसारख्या अत्युच्च ठाण्यांवरील सैनिकांसाठी नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूटच खरेदी झाले नव्हते. जुनेच बूट पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फात डोळे वाचविणाऱ्या चष्म्यांची तूट बासष्ट ते अठ्ठ्याण्णव टक्के होती. ही माहिती जुनी असून उणिवा भरून काढल्या आहेत, असे सांगण्यात आले. तसे असेल तर आनंदच आहे. परंतु त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १५ जून २०२० रोजी, गलवानच्या खोऱ्यात आमचे वीस सैनिक धारातीर्थी पडले आणि हजारो जवानांना त्याच उंचीवर हिवाळा काढावा लागला. तातडीची खरेदी त्यानंतर धावतपळत झाली. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही परंपरा १९६२ पासून अखंड चालत आलेली आहे.

पैसाच नव्हता, असे आता कोणी म्हणू शकणार नाही. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद झाली. केंद्राच्या एकूण खर्चाचा हा सातवा हिस्सा होय. त्यातील सुमारे १ लाख ६० हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, तर नव्या शस्त्रसामग्रीसाठीचा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटींचा. आम्ही यातील एका रुपयालाही विरोध करीत नाही. विचारतो ते एवढेच की, या खर्चावर लोकप्रतिनिधी किती तास बोलतात? १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने, मुदत संपली म्हणून, संरक्षणखात्यासह सर्व खात्यांच्या मागण्या गोंगाटात, चर्चेविना, सुमारे अर्ध्या तासात संमत केल्या. गृहिणी महिन्याचा वाणसामान उतरवून घेतानाही याहून अधिक वेळ यादी तपासते!

हिशेब टाळण्याची सवय जडली ती प्रजासत्ताकाच्या बाल्यावस्थेतच. १९४८ साली काश्मीरच्या युद्धासाठी लंडनहून दोन हजार जीपगाड्यांचा सौदा झाला. प्रत्यक्षात आल्या १५५, आणि त्याही चालण्याच्या लायकीच्या नव्हत्या. संसदेत ओरड झाली. अखेर सप्टेंबर १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले. विरोधकांचे समाधान होत नसेल तर त्यांनी तो निवडणुकीचा प्रश्न करावा, असा त्यांचा रोख होता. तो सौदा करणारे उच्चायुक्त कृष्ण मेनन काही महिन्यांतच केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९५७ साली संरक्षणमंत्री झाले. १५५ जीपगाड्यांचा हिशेब नीट घेतला असता तर १९६२ टळले असते, असे आम्ही म्हणणार नाही. पण हिशेब द्यावा लागत नाही, हा धडा राज्यकर्ते त्याच वेळी शिकले.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. उणिवा उघड केल्या तर शत्रूला त्या कळतील आणि सैन्याचे मनोधैर्य खचेल. पहिल्या भागात काही तथ्य आहे. आजची व्यूहरचना, आजचे साठे, आजची संकेतलिपी यांचा गौप्यस्फोट करा, असे कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु १९६२ साली ज्यांनी आमच्या बंदुका हस्तगत केल्या, आमचा ब्रिगेडियर कैद केला, त्या चिन्यांना आमच्या त्या वेळच्या उणिवा ठाऊक नाहीत काय? ठाऊक नाहीत त्या आम्हां भारतीयांनाच. आणि मनोधैर्याचे म्हणाल, तर फाटका बूट सैनिकाला पायात दिसतच असतो. त्याची बातमी वृत्तपत्रात आल्याने त्याचा धीर सुटत नाही. आपल्या फाटक्या बुटाची कोणालाच फिकीर नाही, असे वाटले म्हणजे तो सुटतो. गुप्ततेने शत्रूपासून राष्ट्राचे रक्षण करावे. नागरिकांपासून मंत्र्यांचे नव्हे.

हिशेबाची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूणकडील लष्करी अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा नि वैरण बेताने वापरावी, नाही तर घोडी उपाशी मरतील; लष्कराने रयतेच्या धान्याला हात लावू नये; रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, येथवर महाराजांनी बजावले आहे. एका वातीची चिंता वाहणाऱ्या राजाचे नाव घेऊन राज्य करणाऱ्यांनी सियाचीनच्या बुटांची चिंता वाहू नये काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. हेंडरसन ब्रुक्स अहवाल, खरोखरच नाजूक असेल तेवढा मजकूर गाळून, सरकारने स्वतः प्रसिद्ध करावा. संरक्षणाच्या मागण्या चर्चेविना संमत करण्याचा प्रघात मोडून त्यांच्यासाठी किमान दोन पूर्ण दिवस राखून ठेवावेत. महालेखापरीक्षकांनी दाखविलेल्या प्रत्येक उणिवेवर ठरावीक मुदतीत काय केले, हे खात्याने संसदेला लेखी सांगावे. आणि यापुढे मोठे लष्करी अपयश घडले तर चौकशी सैन्याच्या छावणीपाशी न थांबता मंत्र्यांच्या दालनापर्यंत जाईल, असा कायदा करावा.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव सैनिकांचे गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांचे स्मारक तेथे आहे आणि त्या गावचे तरुण आजही सैन्यात जातात. मुलाला निरोप देताना ती घरे सरकारला अटी घालीत नाहीत, पावती मागत नाहीत. त्यांनी ती मागितली नाही, म्हणूनच ती मागणे हे आपले, शहरात सुखाने वृत्तपत्र वाचणाऱ्यांचे, कर्तव्य ठरते. आपल्या मतदारसंघाचा खासदार पुढच्या वेळी दारात येईल तेव्हा रस्ते नि गटारे यांबरोबर आणखी एक प्रश्न त्याला अवश्य विचारा: संरक्षणाच्या मागण्यांवर आपण सभागृहात किती मिनिटे बोललात?