काचेच्या टाकीचा सांडवा

आमच्या घरात मासे आले ते आमच्या इच्छेने नव्हे. परगावी बदली होऊन गेलेल्या एका स्नेह्यांनी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी, तीतील वीस-बावीस मॉली माशांसह, आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या हवाली केली. जिवांना काचेत कोंडून ठेवणे मातोश्रींना मुळीच रुचले नाही. "नदीत सोडून द्या," असे त्यांनी प्रथम सुचविले. परंतु मॉली हा मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील मासा, आणि हे तर पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले. त्यांना पंचगंगेत सोडणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे; आणि ते तगलेच, तर नदीतील मूळच्या माशांवर संकट आणणे. दयेपोटी केलेली कृती दोन्हीकडून हिंसेचीच ठरली असती. तेव्हा नवे मासे आणावयाचे नाहीत, आलेल्यांना मात्र नीट सांभाळावयाचे, असे घरात ठरले.

या टाकीखालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी होती. दुकानदार तिला 'सम्प' म्हणतात. वरच्या टाकीतील पाणी खाली उतरते, तेथे स्पंजातून गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवितो. पाणी खाली उतरविणाऱ्या भागास 'ओव्हरफ्लो' म्हणतात. आपल्याकडे धरणाला असतो तो सांडवाच हा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहेत; पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, कोणी बटण दाबावे लागत नाही. घरातील टाकीचा सांडवाही असाच असावा, एवढी साधी गोष्ट आम्हांस उमगली ती मात्र नुकसान सोसल्यावर.

आमचा सांडवा टाकीच्या काठावर अडकविलेला होता. आत एक खोका, बाहेर एक खोका, आणि दोहोंना जोडणारी उलट्या 'यू'च्या आकाराची नळी. शाळेत शिकलेली वक्रनलिकाच ती. टाकीला भोक पाडावे लागत नाही, म्हणून हा प्रकार स्वस्त व सोपा वाटतो. पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली. पंप थांबला, आणि त्याच्या नळीतून वरचे पाणी उलट खाली येऊ लागले. आवाज नको म्हणून आम्ही त्या नळीचे तोंड पाण्यात पाच इंच खोल बुडवून ठेवले होते. व्यापाऱ्याच्या घरात हिशेब आधी व्हावयास हवा होता, तो नंतर झाला. चार फूट बाय दीड फूट टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. पाच इंचांचे ७० लिटर. खालच्या टाकीत मोकळी जागा होती २५ लिटरांची. उरलेले ४५ लिटर पाणी पहाटे दिवाणखान्यात पसरले.

तेवढ्याने भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. वीज आल्यावर पंप सुरू झाला, परंतु पाणी खाली उतरेना. सकाळी पाहतो तो खालची टाकी जवळजवळ कोरडी, पंप नुसताच घरघरत होता, आणि वक्रनलिकेच्या तोंडाशी एक लहानगी मॉली अडकून मेलेली. खोक्याच्या दात्यांमधून ती आत गेली असावी. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "फरशी पुसता येते रे." पुढे काही बोलल्या नाहीत.

नवा सांडवा निवडताना म्हणून आम्ही आवाज किती, दिसतो कसा, हे प्रश्न बाजूला ठेवले. वीज गेली तर काय होईल? ती परत आली तर? नळी तुंबली तर? आणि पिलू वाहून गेले तर कोठे पोहोचेल? प्रत्येक प्रकाराला हेच चार प्रश्न विचारले.

काठावर अडकविण्याच्या प्रकाराने येथेच निरोप घेतला. त्या नळीच्या माथ्यावर हवेचे बुडबुडे साचत जातात, आणि पुरेशी हवा साचली की पाण्याची साखळी तुटते. ती हवा ओढून काढण्यास छोटा पंप जोडता येतो; पण मग एका यंत्राच्या भरवशावर दुसरे यंत्र. भाड्याच्या घरात, दुसरा उपायच नसेल, तर एक पथ्य पाळावे. पंपाच्या कप्प्यात पाणी एवढेच असावे की ते सगळे वर चढले तरी टाकी काठोकाठ भरून थांबेल, बाहेर सांडणार नाही.

दुसरा मार्ग काचेला भोक पाडण्याचा. सामान बरेचसे ओळखीचेच: गच्चीवरील पाण्याच्या टाकीला लावतात तसले टँक कनेक्टर आणि पीव्हीसी पाइप. हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या गोल कटरने, वर सतत पाणी सोडीत, अनुभवी काच कारागीर हे काम करतो. मात्र टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही. प्रयत्न करताच तिचे तुकडे तुकडे होतात. तेव्हा काच साधी आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी. भोक काचेच्या कडेपासून निदान स्वतःच्या व्यासाइतके दूर असावे. आणि मासे आधी दुसरीकडे हलवावेत, हे निराळे सांगावयास नको.

भोकांपुढे काचेचा अरुंद खोका चिकटवितात, त्याच्या काठावरून पाणी आत पडते, आणि आतील पाइप ते खाली नेतात. हे पाइप किती व कसे असावेत याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिली 'डर्सो', रिचर्ड डर्सो या छंदी गृहस्थांच्या नावाची. एकच उभा पाइप, वर खाली वळविलेले तोंड आणि टोपणाला हवेसाठी बारीक छिद्र. पाणी व हवा मिसळून उतरतात. एक इंची पाइपातून ताशी सुमारे २२०० लिटर पाणी जाऊ शकते असे धरतात, म्हणजे आमच्या २५० लिटरच्या टाकीला पुरेसे. पण एकच पाइप, आणि त्यात गोगलगाय किंवा झाडाचे पान अडकले की दुसरी वाट नाही.

'हर्बी' पद्धतीत पाइप दोन. एक पूर्ण पाण्याने भरून, हवेविना वाहतो. त्याचा वेग खाली बसविलेल्या व्हॉल्व्हने जुळवितात. दुसरा थोडा उंच व कोरडा, केवळ संकटासाठी. आवाज जवळजवळ नाहीच. मात्र व्हॉल्व्ह फार हळुवारपणे जुळवावा लागतो. साध्या बॉल व्हॉल्व्हपेक्षा गेट व्हॉल्व्ह येथे सोयीचा, कारण तो चाक फिरवून केसभर उघडता येतो.

तिसऱ्या, 'बीन अ‍ॅनिमल' पद्धतीत पाइप तीन. एक भरून वाहणारा, दुसरा उरलेली बारीक धार सहज घेणारा आणि तिसरा कोरडा. पंपाचा वेग थोडा कमी-अधिक झाला तरी दुसरा पाइप तो फरक सोसतो. पहिला तुंबला व पाणी चढले, तर दुसऱ्याची हवेची नळी बुडून तोही भरून वाहू लागतो. तोही तुंबला तर तिसरा आहेच. आम्ही ही पद्धत निवडली. एवढ्याशा टाकीला तीन पाइप जास्त होतात, असे काच कारागिराचे मत पडले, आणि निव्वळ हिशेबाने ते खरेही आहे. लहान टाकीला 'हर्बी' पुरे. परंतु जिला एकच कोरडा पाइप आहे त्या टाकीत तो पाइप तरी पंपाचे सगळे पाणी एकट्याने नेऊ शकेल एवढा हवा, आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवू नये. भरून वाहणाऱ्या पाइपाचे खालचे तोंड सम्पच्या पाण्यात इंचभरच बुडवावे. फार खोल गेले तर वीज आल्यावर आतील हवा बाहेर पडत नाही व प्रवाह सुरू होण्यास अडथळा येतो.

पिलांच्या प्रश्नाने अधिक वेळ घेतला. मॉली अंडी घालत नाही, जिवंत पिलांनाच जन्म देते, आणि ती दात्यांमधून सहज निसटतात. आम्ही खोका टाकीच्या जवळजवळ पूर्ण लांबीचा करून घेतला. तेवढेच पाणी लांब काठावरून गेले की थर पातळ होतो व ओढ मंदावते. काठावर बारीक जाळी लावली. पण संकटाचे पाइप खोक्याच्या आत असतात. जाळीच तुंबली तर पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून जाळीच्या वर अर्धा इंच जागा मोकळी ठेवली, आणि टाकीचा काठ तीहून आणखी इंचभर उंच आहे. त्यातूनही पिलू खाली गेलेच, तर सम्पच्या पहिल्या कप्प्यात ते जिवंत सापडावे म्हणून पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधला.

पंपाची नळी आता पाण्याच्या पातळीखाली जेमतेम अर्धा इंच आहे. वीज गेली तर आठ-दहा लिटर खाली येतात, जागा चाळिसांची आहे. उलट प्रवाह अडविणारा व्हॉल्व्ह मिळतो, पण त्यात शेवाळ धरले की तो घट्ट मिटत नाही. आम्ही त्यावर विसंबलो नाही. पंप निवडताना डब्यावरील आकडा पाहून भुलू नये. तो शून्य उंचीचा असतो. चार फूट वर चढविताना प्रवाह बराच घटतो. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरले तरी पुष्कळ.

मासे परत सोडण्यापूर्वी तीन दिवस टाकी नुसत्या पाण्यावर चालविली. एकदा बटण बंद केले, एकदा पहिला पाइप बुचाने बंद केला, एकदा पहिले दोन्ही. हेच आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. चिरंजीव बटण बंद करतात, आणि मातोश्री चष्मा लावून सम्पवरील रंगाच्या खुणेशी पाणी कोठे थांबते ते पाहतात. परवा त्यांनी पहिल्या कप्प्यातून दोन पिले वाटीने उचलून वर सोडली.