जुनी गिटार: दुरुस्तीला न्यायची की राहू द्यायची?

नगर जिल्ह्यात गिटार काही नवखी नाही. अरणगावजवळ मेहेराबादला मेहेरबाबांच्या समाधीपाशी देशोदेशीचे भक्त गिटारवर गातात, चर्चच्या उपासनेत ती वाजते, आणि कॉलेजच्या दिवसांत हौसेनं घेतलेली एखादी गिटार कपाटावर धूळ खात पडलेली असते. घरातलं पोर शिकतो म्हणालं की ती खाली येते. तारा गंजलेल्या, पुढच्या फळीला बारीक चीर, आणि दाबायला गेलं तर बोटं सोलून निघतात. मग पुण्याला नेऊन दुरुस्त करून आणावी की नवीच घ्यावी, यावर चर्चा सुरू होते. चीर आणि गंज बघून ठरवलं तर निर्णय बहुधा चुकतो. आधी गिटारच्या मानेचा, म्हणजे नेकचा, कोन बघावा, आणि तोही मे महिन्यात बघू नये.

मे महिन्यात का नको, तर आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा खडखडीत कोरडी होते. गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली ते रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं. पुढची फळी आत बसते, तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात. फिंगरबोर्ड आकसतो, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. म्हणून नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की टोकं टोचतात. पावसाळ्यात सगळं उलट: फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात. म्हणून उन्हाळ्यात टोकं टोचत असतील तर घाई करू नका. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी गिटारसोबत केसमध्ये बंद करा, आणि दोन-तीन आठवडे स्पंज पुन्हा पुन्हा ओलावत राहा. बारीक चीर पुष्कळदा आपसूक मिटत येते. मिटलेली चीर चिकटवणं सोपं. उघडी असतानाच गोंद भरला तर पावसाळ्यात लाकूड फुगायला जागा उरत नाही.

आता नेक. स्टीलच्या सहा तारा मिळून गिटारवर सुमारे 70 किलोंचा ताण देतात, आणि तो वर्षानुवर्षं चालू असतो. त्यानं दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि त्यांचीच गल्लत होते.

पहिली म्हणजे नेकला येणारा बाक. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी बघा. तारेखाली कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढीच फट हवी. जास्त असेल तर नेकच्या आतली सळई, ट्रस रॉड, थोडी आवळली की काम होतं. हे किरकोळ काम आहे. जुन्या स्वस्त गिटारींमध्ये काही वेळा फिरवता येणारी सळईच नसते, तेवढं आधी पाहून घ्यावं.

दुसरी म्हणजे नेकचा कोन. इथे सळई उपयोगाची नाही. लांब, सरळ पोलादी पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवा आणि ब्रिजपर्यंत सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर कोन शाबूत आहे. ते माथ्याच्या खाली, ब्रिजच्या अंगावर आदळलं, तर ताणानं नेक पुढे झुकला आहे. शिवाय बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास ठीक. चारच्या पुढे गेली असेल आणि ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, आधीच घासून बुटकी झाली असेल, तर खरा उपाय एकच. नेक सोडवून, सांधा तासून, नव्या कोनात बसवायचा. हे महागडं काम आहे आणि ते नेहमी करणाऱ्याच्याच हाती द्यावं. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरजेची ख्याती आहे, 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं; पण गिटारच्या नेकचा सांधा ही निराळी विद्या आहे, म्हणून आधी विचारूनच न्यावं.

एवढा खर्च करावा का, हे साउंडहोलच्या कडेवर दिसतं. फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरताना दिसल्या तर फळी अखंड लाकडाची. तिला खर्च शोभतो. कडेवर थर दिसले तर प्लायवूड. त्यात नेकचं काम गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतं, आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. तरीही ती वडिलांची असेल आणि वाजती ठेवायची असेल, तर हलक्या जाडीच्या तारा लावा, सगळ्या एक पूर्ण स्वर उतरवून लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चढवा. ताण कमी होतो, तारा दाबायला हलक्या पडतात आणि सूर मूळचाच राहतो. मला हा मार्ग मनापासून आवडतो.

बाकीची कामं निःशंक करून घ्यावीत: नव्या चाव्या, नवं सॅडल, फ्रेट घासणं. ब्रिजच्या मागे साधा कागद सरकवून पाहा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. तारा लगेच ढिल्या करा आणि गल्लीतल्या सुताराला तिथे स्क्रू मारू देऊ नका. स्क्रूनं फळी फाटते आणि पुढचा कारागीर हात टेकतो. नायलॉनच्या तारांच्या गिटारला स्टीलच्या तारा लावलेल्या असतील तर त्या आजच काढा. ती तेवढ्या ताणासाठी बनलेलीच नसते.

पुण्याला न्यायचं ठरलं तर तारा थोड्या उतरवून न्या, आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या डिकीत गोंद मऊ होतो आणि शाबूत असलेला सांधाही सुटू शकतो.