सर्व्हर बंद झाला म्हणून गेम का संपावा?

३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर बंद केले. हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला होता. अख्खी अमेरिका आक्रसून एका नकाशावर बसवलेली, आणि या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत मनसोक्त गाडी हाकायची. इतरांशी शर्यत लावण्याची सोय त्यात होती, तशी एकट्याने खेळायची कथाही होती. सर्व्हर बंद झाले तेव्हा ती कथाही बंद झाली, कारण एकट्याने खेळतानासुद्धा गेम कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. पुढे काही दिवसांत अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेतला गेला. ज्यांनी दुकानातून डिस्क आणली होती, त्यांच्याकडे डिस्क राहिली आणि गेम गेला. या प्रकरणावर जगभर वाद झाला. त्यात काही समजुती इतक्या ठामपणे मांडल्या गेल्या की त्या तपासून घ्यायला हव्यात. चुकीच्या समजुती फक्त कंपन्यांची बाजू घेणाऱ्यांच्याच आहेत असंही नाही.

पहिली समजूत खेळणाऱ्यांची: पैसे मोजले म्हणजे गेम माझा झाला. करारात तसं लिहिलेलं नसतं. स्टीमसारख्या दुकानात ‘खरेदी करा’ हे बटण दाबल्यावर मिळतो तो गेम वापरण्याचा परवाना. तो दुसऱ्याला विकता येत नाही, कुणाच्या नावावरही करता येत नाही. बटणावरचा शब्द आणि करारातला मजकूर यांतली ही तफावत कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळालाही खटकली. तिथे सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, डिजिटल वस्तूच्या विक्रीत ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे ठळकपणे सांगावं लागतं. जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला या अटीतून सूट आहे. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली. त्यानंतर उलट टोकाची समजूत पसरली: ‘परवानाच होता, सूचनाही दिली होती, मग रडता कशाला?’

ही दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे. सॉफ्टवेअर पहिल्यापासून परवान्यावरच विकलं जातं. नव्वदच्या दशकातल्या सीडीच्या खोक्यातही कराराचा कागद असायचा. गेमचा स्वामित्वहक्क ग्राहकाकडे कधीच नव्हता आणि तो कुणी मागितलाही नाही. ग्राहकाकडे होती ती एक प्रत. ती चालवायला कुणाची परवानगी लागत नसे. प्रकाशनसंस्थेने गाशा गुंडाळला म्हणून आपल्या कपाटातलं पुस्तक कोरं होत नाही, तसंच ते होतं. न्यायालयांनीही हा फरक ओळखलेला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात तयार, साच्यातलं सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘वस्तू’ आहे असं म्हटलं. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, एकरकमी पैसे घेऊन बेमुदत वापराचा हक्क दिला असेल तर डाउनलोड केलेल्या प्रतीचीही ती विक्रीच ठरते, असा निकाल दिला. या निकालांतून खेळणाऱ्यांचे सगळे प्रश्न सुटत नाहीत, पण ‘परवाना’ हा शब्द उच्चारला की वाद संपला, एवढी सोपी गोष्ट नाही. परवान्याला मुदत असेल तर ती विकताना सांगायला हवी. ‘द क्रू’च्या खोक्यावर इंटरनेट लागेल हे लिहिलेलं होतं, पण गेम कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे नव्हतं. वस्तूची पूर्ण किंमत घ्यायची आणि ती सेवा होती हे बंद करताना सांगायचं, हा व्यवहार सचोटीचा नाही.

डिस्क घेतली की निर्धास्त, ही समजूत आता मोडीत काढावी हे बरं. हल्ली डिस्कवर अनेकदा अपुरा गेम असतो आणि उरलेला डाउनलोड करावा लागतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ साठी तर काही गेम अशा कार्डावर विकले जातात ज्यात गेमच नसतो. डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते. याउलट डिजिटल म्हणजे बेभरवशाचं, हेही सरसकट खरं नाही. जीओजी या दुकानातून घेतलेल्या गेमची स्थापना-फाइल उतरवून स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवता येते आणि नंतर ती कुणाला विचारत नाही. स्टीमवरही परवाना तपासणारं कुलूप लावणं गेम बनवणाऱ्यांवर बंधनकारक नाही, आणि कुलूप न लावलेले बरेच गेम स्टीम न उघडता चालतात. तेव्हा माध्यम कोणतं याला फारसा अर्थ नाही. गेम सुरू होताना कुणाची परवानगी मागतो का, हे पाहायला हवं.

आता कंपन्यांच्या बाजूची सर्वांत प्रबळ समजूत: हे गेम तांत्रिकदृष्ट्या सर्व्हरशिवाय चालूच शकत नाहीत. काहींच्या बाबतीत हे खरं आहे, आणि त्याकडे येऊच. पण हा दावा किती वेळा सपशेल खोटा ठरला आहे, ते आधी पाहू. मार्च २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘सिमसिटी’ आणला. शहर वसवण्याचा, मुळात एकट्याने खेळायचा हा गेम, तरी सतत इंटरनेट हवंच. पहिल्या आठवड्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेल्या लोकांना गेम उघडता येईना. तेव्हा मॅक्सिस या स्टुडिओकडून स्पष्टीकरण आलं की शहराच्या हिशेबाचा मोठा भाग आमच्या सर्व्हरवर होतो, त्यामुळे इंटरनेटशिवाय तो चालवणं सोपं नाही. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रामरने दाखवून दिलं की जोडणी तुटल्यावर गेम बंद करणारं घड्याळ काढून टाकलं तर शहर खुशाल चालत राहतं. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन खेळण्याची सोय दिली. ‘डायब्लो ३’ची गोष्ट याहून बोलकी. मे २०१२ मध्ये संगणकावर आलेल्या या गेमला एकट्याने खेळतानाही सर्व्हर लागत होता, आणि पहिल्याच रात्री ‘एरर ३७’ या संदेशाने तो बदनाम झाला. पुढच्या वर्षी तोच गेम प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला आणि तिथे इंटरनेटशिवाय व्यवस्थित चालला. संगणकाहून दुबळ्या यंत्रावर जे जमलं, ते संगणकावर जमलं नाही, कारण जमवायचं नव्हतं. ‘द क्रू’च्या बाबतीतही सप्टेंबर २०२५ मध्ये चाहत्यांच्या एका गटाने, मूळ सर्व्हरचा कोड हाती नसताना, त्याची नक्कल करणारा सर्व्हर तयार करून गेम पुन्हा चालू केला. आणि वादानंतर युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ला ऑफलाइन खेळण्याची सोय दिलीच.

या वादातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेविषयीचा गैरसमज तर मुद्दाम जोपासल्यासारखा वाटतो: या लोकांना सर्व्हर कायम चालू हवेत. एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या या मोहिमेची मागणी तशी नाही. कंपनीने गेमला हवं तेव्हा रामराम ठोकावा, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढंच तिचं म्हणणं आहे. युरोपीय संघात यासाठी चालवलेल्या नागरिक-याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये ओलांडला. त्याच महिन्यात ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ या उद्योगसंघटनेने आक्षेप मांडले: खासगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीचं संरक्षण होणार नाही, बेकायदा मजकूर हटवता येणार नाही, हक्कधारकांवर जबाबदारी येऊ शकते, आणि मुळातच ऑनलाइन म्हणून रचलेले गेम बनवणं परवडेनासं होईल.

यातले पहिले तीन आक्षेप एकट्याने खेळायच्या भागाला लागूच होत नाहीत. एकट्याच्या संगणकावर बेकायदा मजकूर पाठवणार कोण आणि कुणाला? अनेकांनी मिळून खेळायच्या गेमबाबत जबाबदारीचा प्रश्न रास्त आहे, पण सर्व्हर जो चालवतो त्याच्यावर ती टाकणारी तरतूद कायद्यात करता येते. खर्चाच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. आजचे मोठे ऑनलाइन गेम एका सर्व्हरवर चालत नाहीत. खेळाडूंची जुळणी, खाती, खरेदी, फसवणूक रोखणं अशा अनेक सेवा त्यामागे असतात, आणि त्यांतल्या काही भाड्याने घेतलेल्या, दुसऱ्या कंपन्यांच्या असतात. दहा वर्षांपूर्वी अशा पद्धतीने बांधलेला गेम शेवटच्या महिन्यात सुटा करणं खर्चिक असणारच. म्हणूनच नियम पूर्वलक्षी नसावा. पुढे येणाऱ्या गेमना लागू व्हावा. शेवटाचा विचार आराखड्यातच केला तर काम आटोक्यात राहतं. ‘नॉकआउट सिटी’ या पूर्णपणे ऑनलाइन गेमच्या वेलन स्टुडिओजने जून २०२३ मध्ये सर्व्हर बंद करताना खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन ठेवली. हा काही अवाढव्य स्टुडिओ नव्हे. सोनीच्या ‘ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट’ची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२४ मध्ये संपली, तेव्हा एकट्याने खेळलेली प्रगती ऑफलाइन साठवता यावी यासाठी आधीच बदल केलेला होता.

उरतो मोटारींच्या नाममुद्रा आणि गाण्यांच्या करारांचा मुद्दा. असे करार मुदतीचे असतात हे खरं. युबिसॉफ्टनेही ‘द क्रू’ बंद करताना सर्व्हरच्या व्यवस्थेबरोबर परवान्यांच्या मर्यादेचं कारण दिलं होतं. पण मुदत संपली की नव्या प्रती विकता येत नाहीत. विकलेल्या प्रती बंद कराव्या लागतात असं नव्हे. मायक्रोसॉफ्टचा ‘फोर्झा होरायझन ३’ हाही खऱ्याखुऱ्या मोटारींनी भरलेला गेम. २०२० मध्ये तो विक्रीतून गेला, तरी ज्यांनी घेतला होता त्यांना तो उतरवून खेळता येतो. विक्री थांबवणं आणि गेम बंद पाडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचं कारण दुसरीसाठी सर्रास पुढे केलं जातं.

खेळणाऱ्यांच्या बाजूने फिरणारं एक अर्धसत्यही इथे निस्तरायला हवं. ‘गेम तुमच्या मालकीचे नसतील, याची सवय करून घ्या’ असं युबिसॉफ्टच्या अधिकाऱ्याने ठणकावलं, हे वाक्य अजून फिरतं. जानेवारी २०२४ मधलं ते बोलणं मासिक वर्गणीच्या सेवेसंदर्भात होतं. अशा सेवा वाढायच्या असतील तर गेम मालकीचा नसण्याला ग्राहक सरावला पाहिजे, असं ते निरीक्षण होतं. वर्गणीत काही गैर नाही. महिन्याचे पैसे महिन्यापुरते, हे तिथे पहिल्या दिवसापासून उघड असतं. पूर्ण किमतीच्या गेमबाबतही प्रामाणिक शेवट शक्य आहे: सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आणला, दोन आठवड्यांत गुंडाळला आणि सगळ्यांचे पैसे परत केले. ग्राहक म्हणून तक्रारीला जागा उरली नाही. मात्र गेमही उरला नाही, आणि पैशापलीकडचं नुकसान ते हेच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. संशोधकांना ग्रंथालयांच्या संग्रहातले असे गेम दुरून पाहता यावेत, ही विनंती अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जुने गेम कुणाला हवेत, असं म्हणणारा उद्योग त्याच जुन्या गेमच्या सुधारित आवृत्त्या नव्या किमतीला विकतो, हा विरोधाभास मोठा गमतीचा आहे.

भारतात यावर काहीच कायदा नाही, हीदेखील समजूतच. गेमसाठी वेगळी तरतूद नसली तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारं कलम त्या व्याख्येत बसतं. ‘आम्ही केव्हाही ही सेवा बंद करू शकतो’ हे गेमच्या करारातलं वाक्य तिथे तपासलं जाऊ शकतं. अडचण व्यवहाराची आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. चार हजारांच्या गेमसाठी कोल्हापूर किंवा नांदेडचा ग्राहक एवढा खटाटोप करणार नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. एकेकट्या तक्रारीने हे भागणारं नाही. त्याच कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अशा तेरा प्रकारांची यादी दिली. मुदत न सांगता ‘खरेदी करा’ असं लिहिणारं बटण त्याच पंगतीला बसवायला हरकत नसावी.