धान्याऐवजी रोख: ताडकळस परिसरातील रेशनव्यवस्था

बाजाराला शक्यतो धक्का लावू नये, मदत फक्त गरजूला द्यावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी, ही उदारमतवादी अर्थविचाराची भूमिका. मिल्टन फ्रीडमन यांनी 1962 मध्ये वस्तूंपेक्षा रोख मदतीची बाजू मांडली. भारतात 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर, 1997 मध्ये, सर्वांसाठीचे रेशन लक्ष्यनिर्धारित झाले. महाराष्ट्रात 1999 पासून पिवळी, केशरी, पांढरी अशी शिधापत्रिकांची विभागणी आली.

पूर्णा तालुक्यातील ताडकळस ज्या परभणी जिल्ह्यात येते, तो शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपैकी एक. येथील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळे: गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलो. केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळेनासे झाल्यावर 2023 मध्ये त्याऐवजी माणशी 150 रुपये थेट बँक खात्यात देण्याचे ठरले. 2024 मध्ये रक्कम 170 झाली.

रोखीमुळे वाहतूक, साठवण आणि गळती टळते, हे खरेच. पण धान्य महागले की तेवढ्याच पैशांत कमी धान्य येते, आणि तो भार कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरावर पडतो. ही रक्कम बाजारभावाशी जोडणे न्याय्य ठरेल.