मंडळाची निवडणूक: नावं कळण्याआधीची कामं

वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, ट्रेकिंग क्लब, विज्ञान मंडळ. कॉलेजातल्या अशा मंडळांची निवडणूक बहुतेकांना निवडणूक वाटतच नाही. परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या गडबडीत मावळता अध्यक्ष व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, ‘पुढच्या वर्षी कोण घेतंय?’ दोन अंगठे आणि एक बदाम आला की निकाल लागला. पुढच्या जुलैत कुणीतरी म्हणतं, ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही,’ आणि निम्मं मंडळ वर्षभर रुसून बसतं.

सवय नसण्याला कारण आहे. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रातल्या कॉलेजांमधल्या खुल्या निवडणुका बंद केल्या आणि गुणांच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुकीची तरतूद परत आली, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण ते पुढे ढकललं गेलं. म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांनाच काय, त्यांच्या तरुण प्राध्यापकांनाही कॉलेजात मतपेटी पाहिल्याची आठवण नसेल. मग ऐकीव समजुतींवरच कारभार चालतो.

‘बिनविरोध झालं तर उत्तमच, भांडणं टळतात.’

बिनविरोध या शब्दाला आपल्याकडे भलतीच प्रतिष्ठा आहे. गावाची निवडणूक बिनविरोध झाली की सत्कार होतात. पण ती कशी झाली हे कुणी विचारत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या. कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. मंडळात लिलाव होत नाही, गळ घातली जाते. ‘तू यंदा थांब, पुढच्या वर्षी तुझंच नाव’ असं कॅन्टीनमध्ये ठरतं आणि सभेत एकच नाव येतं.

एकच अर्ज येणं हा गुन्हा नाही. छोट्या मंडळात काम करायला माणूस मिळणं हीच मारामार असते. मात्र अर्ज मागवल्याची सूचना सगळ्या सभासदांना वेळेत गेली होती का, मुदत संपेपर्यंत अर्ज खुला होता का, हे तपासायला हवं. आणि एकट्या उमेदवारासमोरही ‘यांपैकी कुणीही नाही’ हा पर्याय ठेवता येतो. सार्वत्रिक निवडणुकीतला ‘नोटा’ मात्र जसाच्या तसा उचलू नका. तिथे नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार जिंकतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नियम बदलला: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. मंडळानं घ्यायचा तर हाच घ्यावा.

‘हात वर करून मोजलं की सगळं पारदर्शक.’

पारदर्शक असायला हवी मोजणी, मत नव्हे. समोर मावळती अध्यक्ष बसली आहे, शेजारी तिची मैत्रीण उमेदवार आहे, मागच्या बाकावर मार्गदर्शक सर आहेत. अशा खोलीत पहिल्या वर्षाच्या पोरानं हात खाली ठेवायला हिंमत लागते. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियानं छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान आणलं आणि १८७२ मध्ये ब्रिटननं ते उचललं, ते याच दडपणामुळे. तिथे जमीनदार होता, इथे सीनियर आहे.

‘गूगल फॉर्म आहे ना, मग मत गुप्तच.’

हा गैरसमज सध्या सगळ्यात घट्ट बसलेला आहे, म्हणून जरा थांबून पाहू. ईमेल पत्ते गोळा करण्याचा पर्याय चालू असेल तर प्रत्येक मतासमोर मतदाराचा पत्ता येतो. फॉर्मच्या मालकाला कुणी कुणाला मत दिलं ते सरळ वाचता येतं. तो पर्याय बंद केला आणि ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ एवढंच ठेवलं, तर लॉगिन लागतं पण पत्ता नोंदला जात नाही. इथवर ठीक. तरी प्रत्येक प्रतिसादासमोर वेळ पडते, सेकंदासकट. चाळीस जणांच्या मंडळात कुणी ग्रुपवर ‘झालं माझं’ लिहिलं की वेळ जुळवून मत ओळखायला हुशारी लागत नाही.

त्याहून मोठी गोम वेगळी आहे. फॉर्मचा मालक आणि ज्यांना संपादनाचा हक्क आहे ते सगळे मतदान सुरू असतानाच आकडे पाहू शकतात. दुपारी चारला आपला उमेदवार मागे आहे हे एकाच गटाला कळलं, तर संध्याकाळचे फोन कोण करणार हे सांगायला नको. फॉर्म वापरायचाच असेल तर त्याचा मालक मंडळाबाहेरचा असावा, म्हणजे दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक किंवा ग्रंथपाल. पर्यायांचा क्रम दरवेळी बदलत राहील अशी सोयही त्यात आहे. ती चालू करावी, कारण यादीत पहिलं नाव असण्याचा थोडा फायदा मिळतो हे अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या निवडणुकांच्या अभ्यासात दिसलेलं आहे. पण मतदार शंभराच्या आत असतील तर माझं मत कागदाला. चिठ्ठ्या, खोका, सहीची यादी आणि सगळ्यांसमोर मोजणी. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पासवर्ड कुणाकडे होता हा प्रश्नच येत नाही.

‘ज्याला जास्त मतं, तो बहुमतानं निवडून आला.’

तीन उमेदवार असले की हे बहुतेक वेळा खरं नसतं. समजा साठ मतं आहेत: २४, २० आणि १६. पहिला जिंकला, पण ३६ जणांना तो नको होता. दुसरा आणि तिसरा एकाच नाटकातले, एकाच गटाचे. दोघं उभे राहिले म्हणून दोघं पडले. मग ‘तू माघार घे’ची दडपणं सुरू होतात, म्हणजे पुन्हा कॅन्टीन.

यावरचा उपाय महाराष्ट्रातल्या पदवीधरांच्या ओळखीचा आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं नावांसमोर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी तो गाठला नाही तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. आपल्या उदाहरणात कोटा ३१. तिसऱ्याच्या १६ चिठ्ठ्यांपैकी १३ वर दुसरी पसंती दुसऱ्या उमेदवाराची आणि ३ वर पहिल्याची असेल, तर हिशेब होतो ३३ विरुद्ध २७. अध्यक्ष बदलला, आणि कुणालाही माघार घ्यावी लागली नाही.

‘हे पोरांना कळणार नाही’ असं म्हणणारे भेटतात. नावांसमोर क्रम लिहिणं कुणालाही कळतं. अवघड असते ती मोजणी, आणि ती दोघांनीच करायची असते. मात्र ही पद्धत अर्ज मागवण्याआधी ठरवायची. आकडे पाहून पद्धत बदलली की ती कितीही शहाणी असो, तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

‘सभासद कोण ते सगळ्यांना माहीतच आहे.’

मतदानाच्या आदल्या दिवशी मंडळात वीस नवे सभासद येतात तेव्हा ते कुणालाच माहीत नसतात. सगळ्यात जास्त वाद मतमोजणीवर होत नाहीत, मतदारयादीवर होतात. वर्गणी न भरलेला पण प्रत्येक ट्रेकला येणारा मतदार आहे का? पास होऊन गेलेला माजी विद्यार्थी? वर्षभर फिरकला नाही पण पावती हातात आहे, तो? उत्तर काहीही असो, एक तारीख हवी. त्या तारखेची यादी सूचनाफलकावर लागावी आणि हरकतीला तीन-चार दिवस मिळावेत. हरकतीचा निकाल कोण देणार, त्याचं नावही त्याच कागदावर असावं.

‘मावळत्या अध्यक्षानंच निवडणूक घ्यावी, त्याला सगळं माहीत असतं.’

त्याला सगळं माहीत असतं हीच अडचण. त्याचा वारसदार बहुधा ठरलेला असतो. मग सरांनी घ्यावी? तेही आवश्यक नाही. दिल्लीच्या जेएनयूमध्ये विद्यार्थी संघाची निवडणूक विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिती चालवत आली आहे आणि तिथली अध्यक्षपदाची जाहीर वादसभा देशभर गाजते. दोन-तीन जण असे शोधा जे उभे राहणार नाहीत आणि कुणाचे सूचक-अनुमोदकही होणार नाहीत. शेवटच्या वर्षाची मुलं बरी. त्यांना पुढच्या वर्षी काही मिळवायचं नसतं.

‘लिंगडोह समितीचे नियम लागू आहेत, वेगळे कशाला?’

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या, त्या विद्यार्थी संघांच्या निवडणुकांसाठी. खर्चाची मर्यादा प्रति उमेदवार ५००० रुपये, किमान ७५ टक्के हजेरी, पोस्टर हातानं केलेलीच, पदाधिकारी होण्यासाठी एकदाच संधी, आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. चाळीस जणांच्या नाट्यमंडळाला हे जसंच्या तसं गरजेचं नाही. पाच हजारात तर त्यांची एकांकिका बसते. खर्च शून्य ठेवा, प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला द्या, प्रश्न विचारू द्या. तक्रारींसाठी वेगळी समिती असावी ही त्यांची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे: निवडणूक घेणाऱ्यांविरुद्धची तक्रार त्यांच्याकडेच जाऊ नये.

‘समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं जादा मत.’

आधी लिहून ठेवलं असेल तरच. नाहीतर मावळत्याचा माणूस आत. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५९४६ मतं पडली होती. ईश्वरचिठ्ठी काढली गेली आणि शाह नगरसेवक झाले. देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेची जागा चिठ्ठीनं ठरू शकते, तर मंडळाच्या सचिवपदाला त्यात कमीपणा नाही. फेरमतदान की चिठ्ठी, ते आधी ठरवा. चिठ्ठी असेल तर ती काढायला मंडळाशी काही संबंध नसलेलं माणूस बोलवा, प्रयोगशाळेतल्या काकांपासून कुणीही चालेल.

आणि निकाल सांगताना ‘हरलेल्याला वाईट वाटेल’ म्हणून आकडे लपवू नयेत. कुणाला किती, बाद किती, एकूण किती, सगळं फलकावर लावावं. चिठ्ठ्या पाकिटात सीलबंद करून तक्रारीची मुदत संपेपर्यंत विभागाच्या कपाटात ठेवाव्यात आणि मग फाडून टाकाव्यात. त्याच आठवड्यात हिशेबाची वही, शिक्का आणि मंडळाच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड नव्या समितीच्या हाती जावा.